हंड्यातली हाक

थांबा. ते पातेलं असं रिकामं माझ्या हातात देऊ नका. आधी त्यात चिमूटभर काहीतरी टाका. त्या डब्यात ज्वारी आहे, चार दाणे टाकले तरी चालतात. हं. आता ठेवा खाली.

कल्हई मी करत नाही हो. अकरा वर्षं झाली सोडून. इतवारीच्या बाजारात कोणीतरी जुन्या ओळखीनं तुम्हाला शालिकरामचं नाव सांगितलं असेल. हे दुकान माझ्या मेहुण्याचं, बहिणीच्या नवऱ्याचं, स्टीलच्या भांड्यांचं. स्टीलला कल्हई लागत नाही, तेवढंच सुख. मी नुसता दाराशी बसतो आणि माश्या मारतो. बाहेर ऊन बघा, हातगाड्यासुद्धा सावली धरून उभ्या आहेत. लाइट गेलेली आहे, ती तीनशिवाय यायची नाही. बसा या पोत्यावर. आलाच आहात तर धंदा का सोडला तेही ऐकून जा. मात्र मी बोलतो, तुम्ही ऐका. मध्ये काही विचारू नका, एवढी मेहेरबानी करा.

माझा बाप नत्थूजी. कल्हईत त्याचा हात धरणारा त्या काळी इतवारीत कोणी नव्हता, असं निदान त्याचं स्वतःचं मत होतं. त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही की भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काम झालं की आत मिठाचा खडा किंवा चार दाणे टाकायचे आणि मग मालकाच्या हाती द्यायचं. दुसरी गोष्ट मोठ्या भांड्यांची. हंडा, गंगाळ असं काही असलं की कल्हईनंतर तोंड आत घालून एखादं नाव पुकारायचं. कथील सगळीकडे सारखं बसलं असेल तर नाव अख्खं परत येतं, कुठे तांबं उघडं राहिलं असेल तर फाटून येतं. यात शास्त्र किती आणि बापाची मिजास किती, ते देव जाणे. बाप माझं नाव पुकारायचा. मी माझ्या पोरीचं पुकारत असे. एकुलती एक, सात वर्षांची. तिचं नाव मी सांगत नाही. ते राहू द्या.

चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. असंच ऊन. चंपतराव मास्तरांचा निरोप आला की एक मोठा तांब्याचा हंडा आहे, घरी येऊन कल्हई करून दे. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. जरीपटक्याच्या पलीकडे, जिथे तेव्हा वस्ती संपून माळ लागायचा, तिथं एकटेच राहायचे. त्यांची बायको सिंधूताई दोन वर्षांपूर्वी वारली होती. मी सायकलला भाता बांधला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला आणि निघालो. रस्त्यात कुत्रंही नव्हतं.

घरात पाऊल टाकलं आणि थबकलो. आत काहीच नव्हतं. खाट नाही, कपाट नाही, दोरीवर धोतर नाही. भिंतीतले खिळेसुद्धा उपटलेले, त्यांची भोकं तेवढी दिसत होती. देव्हाऱ्याचा कोनाडा झाडून पुसून मोकळा. आणि वास नव्हता. प्रत्येक घराला आपला एक वास असतो, फोडणीचा, घासलेटचा, अंथरुणाचा. या घराला कसलाच नव्हता. मधल्या खोलीत कमरेएवढा हंडा आणि त्याच्याजवळ जमिनीवर मास्तर बसलेले.

"मास्तर, सामान कुठं गेलं सारं?" मी विचारलं.

"वाटून टाकलं." मास्तर हसले. "सिंधूच्या दुखण्यात मी एक देव सोडला नाही, शालिक. एकही बोलला नाही. मग म्हटलं, जे जे हटवता येते ते हटवत जाऊ. शेवटी जे हटतच नाही, तोच देव असेल."

"अन् काय उरलं?"

"जागा." त्यांनी हात हवेत फिरवला. "हे पाह्य. तू, मी, बाहेरची झळ, सारं हिच्यातच आहे ना? कालचा दिवस हिच्यात होता, उद्याचाही हिच्यातच येईल. मंग हिले माहीत नसेल काय? हिले बोलाले एक तोंड पाह्यजे, म्हणून हा हंडा तेवढा ठेवला."

म्हातारा एकटेपणानं कामातून गेला, असं मला वाटलं. मोठ्या माणसाशी वाद कशाला घाला, म्हणून मी अंगणात निंबाखाली खड्डा केला, कोळसा पेटवला आणि भाता सुरू केला. हंडा तापला. नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, नाकात झणझणलं. कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्यानं पुसत नेलं. आतून असा चांदीसारखा उजळला की बाप असता तर त्यालाही खोड काढता आली नसती.

हंडा निवल्यावर मी वाकलो आणि तोंड आत घातलं. आत अंधार, कोमट. मी अजून बोललो नव्हतो. नुसता श्वास घेतला होता...

आणि आतून माझा आवाज आला.

पोरीचं नाव. पण मी पुकारायचो तसं नाही, खेळात लाडानं मारतात तशी ती हाक नव्हती. रडून घसा बसलेला माणूस कोणाला तरी हलवून उठवताना मारतो, तशी. आणि लगेच, त्याच आवाजात, "डोळे उघड वं, माय... डोळे उघड..."

मला जागचं हलता येईना. त्याच्यामागून हंड्यात आणखी एक आवाज आला. तो माझा नव्हता, कोणा अनोळखी माणसाचा होता. तो काय म्हणाला ते मी शेवटी सांगतो.

डोकं बाहेर काढलं तर मास्तर शेजारी उभे. चेहरा असा, की पोराचा निकाल लागला आहे आणि ऐकायची घाई झाली आहे.

"बोललं?" ते कुजबुजले. "तू बोलायच्या आधी बोललं ना?"

मी माझ्या ज्वारीच्या डब्याकडे हात नेला, दाणे टाकायला. मास्तरांनी मनगट धरलं.

"दाणे नको. रिकामाच दे."

आणि मी दिला. जन्मात पहिल्यांदा रिकामं भांडं मालकाच्या हाती दिलं आणि सायकलवर टांग मारली.

घरी पोरगी ओसरीत सागरगोटे खेळत होती. धडधाकट. गाल आंब्याच्या रसानं माखलेले. मला इतकं हसू आलं की बायको, जयवंता, आतून धावत आली. "ऊन लागलं काय तुमाले?" म्हणाली आणि पन्हं करून दिलं. मलाही वाटलं, ऊनच असेल. पण रात्री पोरीच्या उशाशी बसून मी मनाशी एक गाठ मारली. हाक आधी ऐकू आली आहे ना? मग ती मारायचीच नाही. मी तिचं नाव घेतलंच नाही, तर जे व्हायचं आहे ते होईल कसं? मला वाटलं, मी फार शहाणा आहे.

त्या दिवसापासून मी तिला नावानं हाक मारली नाही. चिमणे म्हणायचो, म्हातारे म्हणायचो, नकटे म्हणायचो. आधी ती खिदळायची. मग एक दिवस जवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, माह्यं नाव काहून नाई घेत तुमी? मी काई केलं काय?"

"नाही वं. अशीच गंमत," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. लेकराला कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, लाकडी बैल ओढत गल्लीभर फिरली, दहादा मागे वळून बघितलं, की बाप आता तरी नाव घेऊन बोलावेल. मी टाळ्या वाजवल्या, नाव घेतलं नाही.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तो डोक्यात गेला. दवाखान्यात दाखल केली. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, त्यांना मी बोल लावत नाही. एक वयस्क सिस्टर होत्या, बायजाबाई. त्या म्हणाल्या, "बोलत राहा पोरीशी. ओळखीचा आवाज कानी पडला तर कधीकधी लेकरं वळून येतात."

जयवंता रात्रंदिवस बोलत होती. मी खाटेच्या पायाशी, ओठ दाताखाली धरून. पाचव्या दिवशी सकाळी पोरीनं डोळे उघडले. आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"बाबा... एक डाव नावानं हाक मारा ना."

जयवंतानं माझा सदरा धरला. "मारा ना हाक! मांगून राहिली ते... मारा ना!"

मी मान हलवली. नाही म्हणून. मला वाटत होतं मी तिला वाचवतो आहे. हे तुम्हाला सांगतानाही माझी जीभ झडत नाही, याचंच नवल वाटतं. पोरीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग तोंड भिंतीकडे केलं. दहाच्या सुमाराला तिचा हात सैल पडला.

तेव्हा मारली मी हाक. तिला खांद्यांना धरून हलवलं आणि नाव घेतलं. "डोळे उघड वं, माय... डोळे उघड..." शब्द न् शब्द तोच, घसासुद्धा तसाच बसलेला. चार महिन्यांपूर्वी ऐकलेला माझा आवाज मी ओळखला.

तेराव्यानंतर मी जयवंताला हंड्याचं सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "हंडा बोलला ते तुमी ऐकलं. पोट्टी बोलली ते नाई ऐकलं." दुसऱ्या दिवशी भिवापूरला माहेरी गेली. परत आली नाही, आणि मीही कोणत्या तोंडानं आणायला जाणार होतो?

मी घण घेऊन मास्तरांकडे गेलो. तेही भर दुपारी. मास्तर तिथेच, हंड्याजवळ. पार वाळले होते. मी काय झालं ते सांगितलं. 

"मीही सिंधूले परत खूप मागितलं रे," ते म्हणाले. "मले वाटलं, जाणते तर देईलही. नाही देत. त्याले सारं माहीत आहे शालिक, पण त्याले कान नाहीत... देव आहे. ऐकत नाही."

मी घण उचलला. त्यांनी अडवलं नाही.

"फोड. पोथीत घटाकाश सांगतलं आहे, ऐकलं नाहीस काय? मडकं फुटलं म्हणून आतलं आकाश मरत नाही. बाहेरच्यात मिळून जाते."

मी थांबायला हवं होतं. पण राग आंधळा असतो. तांब्याचा पत्रा होईपर्यंत ठोकला. शेवटच्या घावाला आवाज झालाच नाही. घण पडला, पत्रा चेपला, आणि काही ऐकू आलं नाही. निंबावरचे कावळे चूप. मास्तर माझ्याकडे बघत होते, त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. मी धावत सुटलो. मास्तरांना त्यानंतर कोणी पाहिलं नाही. घर उघडंच होतं म्हणतात, आतून झाडून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी कोणाची तरी साधी वाटी कल्हईला घेतली. वाकलो, आणि आत कोणीतरी श्वास घेतला. माझाच. मी घ्यायच्या आधी. मग तांब्या, मग तपेलं. जिथे म्हणून पोकळी, तिथे तेच. त्या दिवशी भाता विकून टाकला. दाणे टाकल्यानं काही थांबत नाही, हे मला कळतं. पण माणसाला काहीतरी करावं लागतं.

आता तो दुसरा आवाज. हंड्यातला, अनोळखी माणसाचा. त्यानं अगदी सहज विचारलं होतं, "काकाजी, काय नाव होतं तिचं?" होतं, असं म्हणाला. तेव्हा माझी पोरगी ओसरीत सागरगोटे खेळत होती. मग उत्तर द्यायला मी श्वास घेतल्याचं ऐकू आलं. त्यापुढे काहीच नाही. साधी भणभणसुद्धा नाही.

अकरा वर्षं मी हे नाव कोणापुढे घेतलं नाही. दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येकाचा आवाज ऐकत राहिलो. आज तुम्ही उन्हातून आलात आणि "काकाजी, कल्हई करून द्याल का?" म्हणालात. मी आवाज लगेच ओळखला. घाबरू नका, तुमचा काही दोष नाही. तुम्हाला हाकलूनही देता आलं असतं. वाटलं, सगळी गोष्ट सांगून टाकली तर विचारायला काही उरणार नाही.

उठताय? बरं. पातेलं घ्या तुमचं. अहो... पण दाणे? मघाशी चार टाकले होते ना तुम्ही माझ्यासमोर? जमिनीवरही नाहीत.

राहू द्या. शोधू नका. तुमच्या ओठावर काय आलं आहे ते मला दिसतं आहे. एकदा तिनं ते नाव मागितलं होतं, तेव्हा मी दिलं नाही. हंड्याचं ऐकून गप्प बसलो. आता पुन्हा गप्प बसायचं नाही मला, पुढे काही असो की नसो.

विचारा.