दुसऱ्याची ड्यूटी

"जरा माझी ड्यूटी बघता का?" असं कुणी म्हणायचा अवकाश, की डॉक्टर गुरुदत्त हो म्हणून मोकळे! अमेरिकेत ट्रॉयमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांच्या ख्रिसमसच्या ड्यूट्या केल्या आणि स्वतःच्या दिवाळ्या घालवल्या. शेवटी बायपास झाली. म्हणून मेन राज्याच्या किनाऱ्यावर फिरायला निघताना सुवर्णाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, बजावलं होतं, "आता कुणालाही हो म्हणायचं नाही. मला तुम्ही हवे आहात हो, अजून पुष्कळ वर्षं."

सकाळचे दहा वाजले होते. समुद्राकाठची सपाट पायवाट. पहिलं दीपगृह बघून झालं, फोटो झाले. दुसरं कित्येक वर्षं बंद आहे, अशी पाटी होती. तिकडे वळले आणि धुकं आलं. बघता बघता समुद्र दिसेनासा झाला, नुसता आवाज येत राहिला. कुठून तरी रॉकेलचा वास यायला लागला.

दीपगृहाच्या दाराशी खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. अंगात मेणकापडाचा कोट, बाह्यांतून पाणी निथळतंय. पाऊस तर नव्हता.

"दोन मिनिटं माझ्या जागी बसता?" त्याने इंग्लिशमध्ये हळूच विचारलं. "फार दिवस झाले... कुणी सुटी दिली नाही."

सुवर्णाने मागून नवऱ्याचं जॅकेट ओढलं. पण छे! "शुअर, शुअर, नो प्रॉब्लेम," म्हणत स्वारी बसलीसुद्धा. म्हातारा धुक्यात गेला.

ती रागारागाने चार पावलांवर जाऊन थर्मासमधला चहा ओतू लागली. वळून पाहते तर खुर्ची दिसेना, दार दिसेना.

"अहो?... अहो!"

धुक्यातून एक हात आला, त्याने तिचा हात धरला. तिला रडूच फुटलं.

"आला का तुमचा म्हातारा?"

"हं."

"चला आधी गाडीकडे!"

वाटभर ती बोलत राहिली. हात गार होता, ओला होता. डॉक्टरांचा हात कसा मऊ. हा दोरखंड ओढून ओढून घट्टे पडल्यासारखा. थंडीने असेल, तिने स्वतःला समजावलं. धुक्यात शेजारच्याचा चेहरा काही दिसत नव्हता.

आणि मागून, खूप लांबून, हाक आली.

"सुवर्णा... अगं थांब! तो अजून आला नाही... मला उठता येत नाहीये..."

तिने हात सोडवायला हिसका दिला. पकड आणखी आवळली. तेवढ्यात ते बंद दीपगृह लखकन पेटलं, आणि त्या उजेडात तिला शेजारची बाही दिसली. मेणकापडाची. पण आता ती अगदी कोरडी होती.