आईच्या रांजणातला साका

अंगणात पाऊल टाकताच क्रिस्तालूला आधी दिसल्या झोकांड्या खाणाऱ्या कोंबड्या, आणि मग आला तो वास... धुण्याच्या सोड्याचा, उग्र, नाकात सुई खुपसावी तसा! कुंपणापाशी वाइनच्या रांजणाच्या तळाचा काळा, दाट साका ओतलेला होता. त्यावर माश्या घोंघावत होत्या, आणि पणजीपासून जपलेलं ते धन कोंबड्या चोचीनं उपशीत होत्या. उन्हात पसरलेली द्राक्षं उलटून ती नुकतीच मळ्यातून आली होती, बोटं अजून चिकट होती. शिसारी येऊन तिनं डोक्याचा रुमाल सोडून तोंडावर दाबून धरला.

"काय गं क्रिस्तालू, कोंबड्या कुणाच्या लग्नाला जाऊन आल्या?" भिंतीपलीकडून शेजारचा म्हातारा हाम्बीस हसला, पण तिचा चेहरा पाहताच त्यानं हसू आवरलं.

तळघरात तिचा धाकटा भाऊ लुकीस कोपरापर्यंत रबरी मोजे चढवून आईच्या रांजणात पाण्याचा पाइप सोडत होता.

"लुकी... काय केलंस हे?"

"वाइन नाही गं टाकली, ताई! थेंबन् थेंब गाळून स्टीलच्या टाकीत भरलीय. तळाची घाण तेवढी फेकली. काय वास तो! मला तर ओकारीच आली. परवा बाहेरदेशचे पाहुणे वाइन बघायला येणार, त्यांना हे दाखवायचं?"

"ती घाण नव्हती रे. तीच आई होती..."

सायप्रसच्या त्या डोंगरउतारावर घरातल्या सर्वांत जुन्या रांजणाला आईच म्हणत. तिचा तळ कुणी पाहायचा नसे. दर शरदात जेवढी जुनी काढायची, तेवढी नवी ओतायची. आणि तळाचा साका त्या पोरसवदा वाइनला मांडीवर घेऊन वाढवी. ओतताना क्रिस्तालूची आई गुणगुणायची:

*रांजणा रे रांजणा, तळ तुझा दिसू नये*
*लेकीच्या गं घरातली गोडी कधी सरू नये*

"वन्सं, रांजण कुठं पळून गेलाय का?" लुकीसची बायको पॉलिम्निया समजुतीनं म्हणाली. "उलट बघा, कसा लख्ख झालाय!"

"प्रेतालाही आंघोळ घालतात, पॉलिम्निया. तेही लख्खच असतं!"

ती वर निघून गेली. याच भावाला तिनं भरवलं होतं, याच बोटांना धरून चालवलं होतं... आणि आज त्या गोऱ्या, घासूनपुसून स्वच्छ बोटांची तिला किळस यावी? स्वतःच्याच मनाची तिला घृणा वाटली. तरी ती किळस काही जाईना.

दुसऱ्या दिवशी लुकीस पेला घेऊन दाराशी आला. "चाखून तर बघ. आरशासारखी नितळ आहे."

तिनं वास घेतला. मनुका नाहीत, धूर नाही, जुन्या लाकडाची ऊब नाही. ओठांना लागताच जिभेवर नुसता गोड, ओशट साखरपाक पसरला. ती खिडकीबाहेर थुंकली.

"हे तू पाज तुझ्या पाहुण्यांना. मला नको."

लुकीसचा चेहरा पडला. त्यानंही सकाळी त्याच वाइनचा घोट घेतला होता. इटलीत वाइनचं शास्त्र शिकलेली त्याची जीभ त्याच्याशी खोटं बोलली नव्हती.

तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. "हाम्बीसकाका, तुमच्या रांजणातला थोडा साका द्याल? ताईचं दुःख बघवत नाही."

"माझा रांजण? माझ्या घरी आई कुठून येणार, लेका? ती नवरीबरोबर येते. छोट्या घड्यात, माहेरच्या रांजणातला साका घेऊन." म्हाताऱ्यानं क्रिस्तालूच्या खिडकीकडे पाहिलं. "माझी नवरी आलीच नाही."

"तुम्हीच तर ताईला नाकारलंत! लग्न मोडलं, म्हणूनच बाबांनी तिला द्यायला बांधलेलं हुंड्याचं घर विकलं!"

"असं सांगितलं होय तुला?" हाम्बीस भिंतीला टेकला. "घर आधी विकलं रे. तुझ्या इटलीच्या शिक्षणासाठी... तिनंच विकायला लावलं. मग मला म्हणाली, बिनघराची नवरी तुझ्या दारात येणार नाही. मी पाया पडलो तिच्या! ऐकेल तर ती क्रिस्तालू कसली!"

मोजे घातले होते, तरी लुकीसला आपल्या हातांना सोड्याचा वास आला. त्याला किळस आली... या वेळी स्वतःचीच!

तो धावत घरात आला. क्रिस्तालू पलंगाखालून एक घडा ओढत होती. तोंडावर मातीचं लिंपण, त्यावर आईनं बांधलेला लाल दोरा, विटून तपकिरी झालेला.

"ताई, हा तुझ्या लग्नाचा घडा! याला हात नको लावूस!"

"लग्न कुठं उरलंय रे? आई खाली कोरडी पडलीय. आज सरली, तर घराण्यात पुन्हा नाही व्हायची."

"मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं... तुझ्या घरावर मी शिकलो, आणि शिकून काय केलं, तर तुझी आई कोंबड्यांना घातली!" त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

तिनं त्याला उठवलं नाही. राग अजून गेला नव्हता. घडा त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "लिंपण नवरी फोडते, आणि घडा भाऊ धरतो. धरतोस?"

दोघं तळघरात उतरली. पॉलिम्नियानं न सांगता रांजण स्वच्छ पाण्यानं तीनदा खंगाळून सोड्याचा वास घालवला होता. लिंपण फुटलं, आणि मनुकांचा, धुराचा, आईच्या हातांचा दरवळ उसळला! घड्यातली वाइन रांजणात पडली. साका मात्र घड्याच्या तळाला घट्ट धरून बसला. क्रिस्तालू भोपळ्याचं ओगराळं शोधू लागली, तोवर लुकीसनं उघडा हात कोपरापर्यंत घड्यात घातला आणि तो काळा, चिकट साका बोटांनी निपटून रांजणात सोडला. मग टाकीतली वाइन त्यावर ओतली.

भिंतीपलीकडून हाम्बीसचा घोगरा, बेसूर आवाज आला, "रांजणा रे रांजणा..." पुढची ओळ त्यानं म्हटली नाही. ती क्रिस्तालूनं पुरी केली.

लुकीस सवयीनं नळाकडे वळला, आणि थबकला. काळ्या हातानं तसाच उभा राहिला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि किळस न येता तिनं तो हात आपल्या हातात घेतला.