डाव्या कोपऱ्यातला

दोन वर्षं दोघं बरोबर काम करत होती. पण तो तिला खरा भेटला तो एका फोटोच्या डाव्या कोपऱ्यात.

स्टुडिओ तिच्या काकांचा. लग्नांत फोटो ती काढायची, दिवा तो धरायचा. जुन्या कॅमेऱ्याचा चित्र टिपणारा सेन्सर लहान, म्हणून फोटोत मावणारी चौकटही लहान. तिची चौकट कुठे संपते ते त्याला न सांगता कळायचं. तिथून वीतभर बाहेर तो उभा राही. मग मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आला. लेन्स तीच, तिची जागा तीच, त्याचीही तीच. पण हा कॅमेरा त्याच जागेवरून चारी बाजूंनी जास्त पाहत होता. गडबडीत कडा बघायचं तिला सुचलंच नाही.

आता पडद्यावर फोटो सरकत होते आणि प्रत्येकात तो होता. दिवा नवरीकडे, नजर मात्र... कॅमेऱ्यामागे. तिच्याकडे.

"नवरीशेजारी नवरा कमी, दिवेवालाच जास्त!" काका कडाडले. "कडा काप. उद्यापासून जुना कॅमेरा घे. आणि हा शहाणा मी बदलतो."

"कडा कापते, गिऱ्हाइकाचं काम आहे. बाकीचं दोन्ही नाही."

"मला उलट बोलतेस?"

"बोलते. काकू जन्मभर तुमचा दिवा धरून उभी राहिली. तुम्ही काढलेला तिचा एक तरी फोटो आहे?"

गेलेल्या काकूचा फोटो भिंतीवर होता. ओळखपत्रावरून मोठा केलेला, धुरकट. काकांनी चष्मा काढून पुसला, पण परत लावला नाही.

"माणूस नको बदलायला, पाय बदल," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मोठ्या सेन्सरला माणसाच्या जवळ जावं लागतं. जुन्या जागी उभी राहशील तर पसाराच दिसेल."

आणि ते चहाला म्हणून बाहेर पडले.

तो दाराशी वायरी गुंडाळत होता. सगळं ऐकलं असणार. कान लाल झाले होते.

"मॅडम, माझी नोकरी गेली की राहिली?"

"राहिली. कॅमेराही राहिला."

"यापुढे आणखी बाहेर सरकून उभा राहीन."

"सरकून तर बघ! दिवा लाव आणि पुढे ये. मागे नाही, दिव्याच्या पुढे."

"मी? केस तरी विंचरू द्या."

"दोन वर्षं विंचरले नाहीस."

"दोन वर्षं तुम्ही बघितलं कुठे?"

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीच्या जागेवरून तो एवढासा दिसत होता — भोवती टेबल, वायरी, स्टूल. ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक.

"मॅडम, चौकट भरली?"

"आधी ते मॅडम बंद."

"बरं..." त्याने हातानेच केस सारखे केले. "भरली का गं चौकट?"

"नाही अजून."

आणखी एक पाऊल. आता ती इतकी जवळ होती की लेन्सनेही हात टेकले. त्याचा चेहरा धूसर झाला.

"लोक काय म्हणतील?" तो हळूच म्हणाला.

"त्यांना कडेला उभं राहू दे."

तिने कॅमेरा खाली घेतला. पाऊल मात्र मागे घेतलं नाही.