दोन आखूड, एक लांब

तो मोबाईल आधी उलटा ठेव बघू. उजेड थेट माझ्या डोळ्यांत येतोय. आणि धाकटे, तू मध्ये मध्ये "खरंच का काका, खरंच का" सुरू करायचं नाहीस. एवढ्या थंडीत गच्चीवर बसून थापा मारायला मला काय हौस आहे? पटलं तर ऐका, नाहीतर खाली जाऊन झोपा.

हे माझ्याबाबतीत घडलेलं नाही. ज्याच्याबाबतीत घडलं तो माझ्याबरोबर चार वर्षं कामाला होता. पाणी शुद्ध करतात त्या केंद्रावर मी फिटर, तो रात्रपाळीचा ऑपरेटर. त्याला सगळे गप्प्या म्हणायचे, कारण त्याच्या तोंडाचा पट्टा कधी बंदच नसायचा.

आता जागा नीट डोळ्यांसमोर आणा. टेकाडावर केंद्र. एका कडेला क्लोरीनची खोली, आत माणसापेक्षा मोठे सिलिंडर आडवे ठेवलेले. तिच्यामागून बेचाळीस पायऱ्या खाली उतरतात. पायऱ्या संपल्या की ऑपरेटरचं क्वार्टर. दोन खोल्या, एक दार, खिडक्यांना गज.

क्लोरीन हवेपेक्षा जड. सुटला की उडून जात नाही. जमिनीला धरून उताराने खाली येतो आणि तळाला साचून राहतो. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घ्यायचे: वास आला की वारा बघ आणि वर चढ. खाली पळायचं नाही, आडवं पडायचं नाही, गळतीवर पाणी मारायचं नाही. आणि ज्या शहाण्यांनी हे आम्हाला शिकवलं, त्यांनीच ऑपरेटरचं घर उताराच्या तळाला बांधलं. बोलून काय उपयोग? आम्ही बोललो होतो.

गप्प्याच्या आधी त्या क्वार्टरमध्ये अण्णा राहायचे. अण्णा, त्यांची बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. सिलिंडर बदलला की जोडावर शिशाचा नवा वायसर घालायचा, जुना परत वापरायचा नाही, हे अण्णांनीच मला शिकवलेलं. पण त्या रात्री स्टोअरला कुलूप होतं. सकाळपर्यंत तर निघेल, म्हणून अण्णांनी जुनाच वायसर पलटून घातला. आम्ही सगळेच घालायचो. मीही घातलाय. त्यांचा फाटला, एवढंच.

मास्क कुठे होता माहीत आहे? क्लोरीनच्याच खोलीत, आतल्या भिंतीवर टांगलेला. हसू नका रे. बुडणाऱ्यासाठी ठेवलेला दोर विहिरीच्या तळाला ठेवावा, तसला कारभार.

अण्णा वर चढले. शिकवलं होतं तसं. चढताना त्यांच्या लक्षात आलं की खाली दोघं झोपलीत. वरून हाका मारत राहिले. पंपांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? वीस मिनिटांनी त्यांच्याने राहवेना, तसेच खाली गेले. बायको दाराशी होती. मुलगा खाटेखाली सापडला. घाबरलं की पोरं खाली लपतात. आणि खालीच तर सगळं साचलेलं...

अण्णा नंतर चार दिवस दवाखान्यात होते. मी उशाशी बसायचो. त्यांचा श्वास अजून माझ्या कानात आहे. दोन आखूड, मग एक लांब. दोन आखूड, एक लांब. मध्येच डोळे उघडून विचारायचे, "उठली का रे ती?" मी काय सांगणार? मी खिडकीबाहेर बघायचो. चौथ्या रात्री ते गेले, आणि माझ्याकडून उत्तर काही दिलं गेलं नाही.

पाणी मागवून घ्या कुणीतरी. घसा कोरडा पडला.

तर त्या क्वार्टरमध्ये वर्षभराने गप्प्या आला. अण्णांचं सगळं, तो श्वास आणि तो प्रश्नसुद्धा, मी त्याला सांगितलेलं. बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली, त्यामुळे दोघांचा जीव तिच्यातच अडकलेला. ती शिंकली तरी गप्प्या मला फोन करायचा. मी म्हणायचो, अरे बाबा, मी नळाचा फिटर आहे, मुलांचा डॉक्टर नाही.

मंगळवार होता. सात नोव्हेंबर. पानही हलत नव्हतं, इतका वारा पडलेला. रात्री दोनला एक सिलिंडर संपला आणि गप्प्या दुसरा जोडायला गेला. रोजचंच काम. आता मास्क दाराबाहेर ठेवायचा नियम झाला होता, तो त्याने गळ्यात अडकवला. नवा वायसर घातला. नट आवळला. अमोनियाची बाटली उघडून जोडाशी धरली.

ती बाटली कशाला, तर क्लोरीन डोळ्याला दिसत नाही, थोडा असला तर. पण अमोनियाची वाफ त्याला लागली की पांढरा धूर होतो. जिथे धूर, तिथे गळती. गप्प्याने सगळीकडे बाटली फिरवली. जोड, झडप, नळी. कुठेच धूर नाही. वहीत लिहिलं, दोन वाजून दहा मिनिटं, गळती नाही. आणि बाटली हातात घेऊन तो दाराकडे वळला.

दारात धूर निघाला.

जमिनीशी नाही. तोंडाच्या उंचीवर. एक छोटा झोत, आणि विरून गेला.

गप्प्याला वाटलं, आपल्या बाटलीचीच काहीतरी गंमत. तो थांबला. परत झोत आला. छोटा. मग अजून एक, छोटा. मग एक... लांब.

त्याने नाक वर करून हुंगलं. वास नाही. मीटरचा काटा जागेवर. खोली शांत.

दोन आखूड. एक लांब.

धूर दाराबाहेर गेला. मग पायऱ्यांच्या वरच्या टोकाशी दिसला. मग तीन पायऱ्या खाली...

त्या पायऱ्या दुसरीकडे कुठेच जात नाहीत. गप्प्या धावला. दिव्याच्या उजेडात त्याच्यापुढे ते पांढरे झोत उतरत होते. घाईने. कुणीतरी धापा टाकत उतरावं तसे. तो ओरडला. बायकोचं नाव घेऊन ओरडला. वर पंप चालू होते.

दार बंद होतं. त्याने उघडलं. बायको जागी झाली, उठून बसली, "काय हो, एवढ्या लवकर?"

त्याने पाळण्याकडे बघितलं.

पाळण्यावर धूर होता.

पोरगी खोकली. एवढासा आवाज. आता वास आला. नाकात, डोळ्यांत, घशात. बायकोने पोरीला उचललं. गप्प्याने मास्क काढून पोरीच्या तोंडावर धरला. मास्क तिच्या डोक्याएवढा. चारी बाजूंनी उघडा. दाबला तर तिला श्वास घेता येईना. सोडला तर...

तो दाराकडे वळला. दारात दोन आखूड, एक लांब. घसा भाजला. मागे आला. खिडकीला गज. परत दाराकडे गेला. परत तेच. त्याच्या तोंडासमोर. घरात तो श्वास इकडून तिकडे हिंडत होता. पाळण्यापाशी. खाटेपाशी. वाकायचा, उठायचा. परत पाळण्यापाशी.

गप्प्या मला म्हणाला, "फिटरसाहेब, तेव्हा मला कळलं. ते आम्हाला मारायला नव्हते आले हो. ते उठवायला आले होते."

उठवायला. आणि हाक मारायला तोंड उघडलं की त्यातून बाहेर पडत होता तोच क्लोरीन. जेवढ्या हाका, तेवढा...

पोरीचे ओठ निळे पडले होते. खोकायचंही थांबली. बायको नुसती गप्प्याकडे बघत होती. काहीतरी करा, असं. आणि याच्या हातात काय? अमोनियाची बाटली. न बसणारा मास्क. तो तिथेच गुडघ्यावर आला आणि रडत रडत म्हणाला,

"अण्णा... उठली ती."

झोत थांबला.

"अण्णा, दोघं उठली. वर गेली. सगळे वर गेलेत. खाली कुणी राहिलं नाही. तुम्हीच राहिलाय, अण्णा. चला. वर जा."

काहीच नाही.

बाटली हातात. वाफ निघतेय. धूर नाही.

मग दारात... एक लांब. नुसता लांब. मग पायऱ्यांवर. वर. आणखी वर...

आणि नाही.

...

दोघं पोरीला घेऊन बेचाळीस पायऱ्या चढली. बायको पुढे, हा मागे. बायको चढता चढता दोनदा म्हणाली, "ओढू नका हो मागून." हा चार पायऱ्या खाली होता.

पोरगी वाचली, घाबरू नका. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टर म्हणाले, क्लोरीनच आहे, शंकाच नाही. केंद्रावर साहेब आले, मीटर तपासले, मी स्वतः प्रत्येक जोड उघडून पाहिला. थेंबभर गळती नव्हती. सिलिंडरचं वजनसुद्धा एक किलोने कमी भरलं नाही. मग साहेबांनी काय लिहावं? त्यांनी लिहिलं, कर्मचाऱ्याच्या घरात फरशी पुसायचं औषध सांडलं असावं.

चौथ्या दिवशी गप्प्या राजीनामा घेऊन माझ्या घरी आला. खुर्चीवर बसला, पण पाठ टेकवेना. हातात पिशवी होती. पिशवीत बायकोचा स्वेटर, त्या रात्री अंगावर असलेला. तांबडा, घरी विणलेला.

"फिटरसाहेब," तो म्हणाला, "मी अण्णांना सांगितलं, सगळे वर गेलेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते गेले हो."

मी म्हटलं, "चांगलं केलंस. जे मला जमलं नाही ते तू केलंस."

त्याने मान हलवली. नाही नाही अशी. आणि स्वेटर माझ्यासमोर पालथा पसरला.

क्लोरीन रंग खातो. ओलसर कपड्यावर बसला की तेवढी जागा पांढरी पडते. स्वेटरच्या मागच्या बाजूला, अगदी खालच्या काठाशी, लोकर पांढरी पडली होती. चार बोटं आणि एक अंगठा. मुठीत घट्ट आवळून धरावं तशी. गप्प्याच्या पोरीची मूठ तेव्हा माझ्या अंगठ्याएवढी होती. ही तिची नव्हती. मोठ्या माणसाचीही नव्हती.

मी माझा तळहात त्यावर ठेवून पाहिला. सहा वर्षांच्या पोराची असते, एवढी होती.