दस्त्याची उजवी बाजू

आमच्या कारखान्याच्या सुतारखान्याला अक्रोडाच्या भुशाचा आणि जवसाच्या तेलाचा वास होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तो आठवला की जीव कासावीस होतो. काय दिवस होते! परदेशी रायफली आपल्या जवानांच्या खांद्याला लांब पडायच्या, म्हणून देशाची स्वतःची पहिली रायफल आम्ही करायला घेतली. तिच्या लाकडी दस्त्याचं, म्हणजे खांद्याला नि गालाला टेकणाऱ्या मागच्या भागाचं, माप घ्यायला सैन्याकडून नेमबाज मागवला. त्यांनी पाठवला कोण, तर माझा सख्खा दादा!

दादा डावखुरा. त्याचा डावा गाल दस्त्याच्या उजव्या बाजूला टेकायचा. आम्ही शहाण्यांनी पहिला नमुना तसाच, गालाची जागा उजवीकडे ठेवून घडवला आणि साहेबांनी आमची खरडपट्टी काढली, "अख्खं सैन्य डावखुरं करताय का रे?" दादा पोट धरधरून हसला होता.

नव्या रायफलींची पहिली खेप घेऊन तो आघाडीवर गेला आणि बेपत्ता झाला. वर्ष उलटलं. वहिनीचे वडील तिला माहेरी न्यायला येऊन बसले. "पोरी, आता मनाची समजूत घाल," म्हणू लागले.

त्याच सुमारास दुसऱ्या खेपेचे दस्ते सुरू झाले. सकाळी कपाट उघडलं, की तेल देऊन ठेवलेल्या कोऱ्या दस्त्यांवर गालाएवढी जागा झिजलेली दिसायची. वर्षानुवर्षं वापरल्यासारखी. उजव्या बाजूला. मी तेल बदललं, कुलूप बदललं, जोडीदारावर विनाकारण डाफरलो. झीज काही थांबेना. कधीकधी ती जागा हाताला कोमट लागायची.

शेवटी न राहवून वहिनीला सांगितलं. मला वाटलं, वेड्यात काढेल. ती चपला घालून निघालीच. पहारेकऱ्याच्या हातापाया पडून तिला आत नेलं.

तिने एक दस्ता उचलला. झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग डोळे मिटून आपला गाल तिथे टेकवला.

कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. मला रडू आवरेना.

"भावोजी, बाबांना सांगा, मी येत नाही," ती हसून म्हणाली. "दाढी करायला फुरसत मिळत नाहीये तुमच्या दादांना, एवढंच."

मी दस्ता हातात घेतला. लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं.

वहिनीचा गाल लाल झाला होता, आणि त्यावर बारीक बारीक ओरखडे उठले होते.