पिवळ्या रेषेच्या मागे

सूर्यभानदादा कलादालनाच्या दारात नियमांचा भलामोठा फलक होता, आणि तो वाचायची तसदी कुणीही घेत नसे. त्यामुळे दिपालीलाच तो तोंडाने म्हणावा लागे. चित्रांना स्पर्श करू नये. पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहावे. मोठ्याने बोलू नये. खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत. हे म्हणून म्हणून तिचा आवाज एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा झाला होता आणि घरी भाजीवाल्याशी बोलतानाही तो तसाच निघायचा.

कोल्हारच्या अलीकडे, मनमाड रस्त्याला लागून हे कलादालन. साखरेत कमावलेल्या एका घराण्याने वडिलांच्या नावाने बांधलेलं. शिर्डीला निघालेले टेम्पो ट्रॅव्हलर इथे थांबत ते खरं म्हणजे स्वच्छतागृहासाठी. मग आलोच आहोत तर बघू, म्हणून लोक आत येत. नको म्हटलं तरी चपला दारात काढत. सूर्यभानदादांच्या अर्धपुतळ्याच्या पाया पडायला वाकत, त्याला पायच नाहीत हे लक्षात आल्यावर कोटाच्या बटणाला हात लावून तो कपाळाला लावत. गणपतीच्या तैलचित्रापुढे पेढा ठेवत. तो पेढा उचलायचा, मुंग्या झाडायच्या आणि पुन्हा हसून 'या, या' म्हणायचं, ही दिपालीची नोकरी. नगरला चित्रकलेची पदविका घेतली ती यासाठी, असं ती स्वतःलाच कडवटपणे ऐकवायची.

पण नोकरी तिला हवी होती. फार हवी होती. ती जामखेडकडची. तिची आई राहीबाई दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायची, आणि मान दुखते म्हणत म्हणत उन्हाळ्यात परत यायची. मोळ्या वाहून वाहून तिच्या मानेचा मणका झिजलाय, आता डोक्यावर ओझं नको, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दिपाली कंत्राटावर होती. दादांच्या पुण्यतिथीला ट्रस्टच्या अध्यक्षा ताईसाहेब येणार, सगळं शिस्तीत दिसलं तर तिला कायम करणार, असं व्यवस्थापक वैजनाथ सरांनी कबूल केलं होतं. कायम झालं की आईचा कोयता कायमचा सुटला. कार्यालयात मात्र तिने 'आई घरची शेती बघते' असंच सांगून ठेवलं होतं. यंदा आईची टोळी नेमकी कलादालनामागच्याच उसात उतरली, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी ती मागच्या दाराने जायचं टाळू लागली.

आतल्या दालनात शेवटच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. तोडलेल्या उसाचं रान, जमिनीवर वाळल्या पानांचं पाचट, बांधलेली मोळी आणि तिच्याशेजारी उभी असलेली एक बाई. डोक्यावर कापडाची चुंबळ. तोंड सावलीत, ओळखू न येणारं. एक हात पुढे केलेला, चित्र बघणाऱ्याच्या दिशेने. शहरातले लोक त्याला 'कष्टाचं सौंदर्य' वगैरे म्हणत. पण उसाच्या फडात काम केलेल्या माणसाला त्या हाताचा अर्थ सांगावा लागत नाही. मोळी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. कुणीतरी दुसऱ्या बाजूने उचलू लागावं लागतं. बाई मोळीपाशी उभी राहून तुमच्याकडे बघते, तेव्हा आपलं काम टाकून जायचं, मग ती वैरीण का असेना. फडात यापेक्षा मोठा नियम नाही.

त्यामुळे व्हायचं काय, की आजूबाजूच्या टोळ्यांमधल्या बाया सुट्टीच्या दिवशी कलादालन बघायला आल्या की या चित्रापुढे त्या आपसूक वाकत आणि दोन्ही हात पुढे करत. दिपालीची शिट्टी वाजायच्या आधीच त्यांचे पंजे रंगावर टेकलेले असत.

"अहो बाई! स्पर्श करायचा नाही!"

"व्हय व्हय, चुकलं," म्हणत त्या मागे सरत, आणि तळवे एकमेकींना दाखवत बाहेर जात.

एकदा तिने लंकाबाईचे तळवे पाहिले. लंकाबाई म्हणजे राहीबाईच्याच टोळीतली. तिला दिपाली कोण हे माहीत होतं, पण कुणी न सांगताही तिने ते कुठे बोलून दाखवलं नव्हतं. तिच्या तळव्यांवर उसाच्या पानाने कापतं तशा बारीक ओल्या रेघा होत्या.

"सुट्टी आहे ना आज तुम्हाला?" दिपालीने विचारलं.

"हाय की." लंकाबाईने हात पदरात घेतले. "लई जड हाय पन तिची मोळी."

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या कडेला पाचटाचा चुरा सापडला. लोकांच्या कपड्यांना चिकटून आला असेल. दिपालीने तो झाडला. पुढच्या दिवशी पुन्हा होता. त्याला ताज्या तोडलेल्या उसाचा आंबूस-गोड वास होता, आणि दालनाच्या खिडक्या तर कायम बंद असायच्या.

मग एका सकाळी विक्रीच्या काउंटरवर पोस्टकार्डं लावताना तिचा हात थांबला. कार्डावर त्या चित्राची छबी होती. तिच्यात मोळी जमिनीवर होती. ती कार्ड घेऊन आत गेली. भिंतीवरच्या चित्रात मोळी बाईच्या गुडघ्यांशी होती, आणि खाली पाचटात दबलेली जागा रिकामी होती.

तिने वैजनाथ सरांना आणून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"छपाईत कापलं गेलं असेल खालून."

"सर, कापलं असतं तर मोळी दिसलीच नसती."

"मग चित्रकाराने दोन केली असतील. तुम्ही जास्त विचार करता, मॅडम. पुण्यतिथीची तयारी बघा."

विचार न करणं तिला जमत नव्हतं. ओल, कॅनव्हासचं सैल पडणं, आपलीच नजर, सगळी कारणं तिने लावून पाहिली. बाया येत राहिल्या, ती शिट्टी फुंकत राहिली. मोळी कमरेला आली. मग छातीशी आली. चित्रातल्या बाईच्या दंडाच्या शिरा आता दिसू लागल्या होत्या. अर्ध्यात धरलेलं ओझं धरून ठेवणं हे उचलण्यापेक्षा वाईट असतं, हे दिपालीला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने त्या चित्राकडे बघणंच सोडलं.

पुण्यतिथीला सगळ्यांना मोफत प्रवेश. ताईसाहेब आल्या, मागे हारतुरेवाले, फोटोवाले. आणि नेमक्या त्याच वेळी टोळीच्या बाया आत शिरल्या. सगळ्यांत पुढे राहीबाई. धुतलेलं लुगडं, तेल लावलेले केस. लेकीची नोकरी बघायला आली होती बिचारी. लेकीने ओळख दिली नाही. राहीबाईनेही मग दिली नाही, नुसती एकवार हसली आणि घोळक्याबरोबर पुढे गेली.

त्या चित्रापुढे मात्र ती थबकली. मोळी आता बाईच्या खांद्याच्या वर होती. चुंबळीला टेकायला वीतभरच कमी. बाईची मान एका बाजूला कलली होती.

"दिपे," राहीबाई हळूच म्हणाली, "अवघडलीय गं ती. जरा उचलू लागलं की जाईल डोईवर."

आणि ती वाकली.

ताईसाहेब पाच हातांवर होत्या. वैजनाथ सर बघत होते. फोटोवाला बघत होता. दिपालीने शिट्टी फुंकली नाही, पण तिचा तो स्टँडवरचा आवाज सगळ्या दालनात घुमला.

"ओ बाई! रेषेच्या मागे व्हा. हात लावायचा नाही. कुणीच लावायचा नाही. लांबून बघायचं आणि पुढे जायचं. समजलं का सगळ्यांना?"

राहीबाईने हात मागे घेतले. तिला राग आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं.

"न्हाई म्हनतीस तर न्हाई," ती म्हणाली. जाता जाता तिने एकदा वळून पाहिलं, लेकीकडे नाही, चित्रातल्या बाईकडे.

"वा, शिस्त आहे," ताईसाहेब म्हणाल्या. वैजनाथ सरांनी मान डोलावली, आणि नोकरी पक्की झाली हे दिपालीला तिथेच कळलं. तिला रडायला आलं. हे पैसे घेऊन आपण आईला कोणत्या तोंडाने सांगणार, की तुझ्यासाठीच तुला हाकललं?

पाहुणे जेवायला गेले. टोळी अर्ध्या दिवसाची रजा संपवून फडात परतली. दुपार कलली तेव्हा दिपाली एकटीच दिवे बंद करत आतल्या दालनात आली.

चित्रात बाई नव्हती.

रान होतं, पाचट होतं, मागे उभा ऊस होता. मोळीही नव्हती. बाई जिथे उभी होती तिथे पावलांचे दोन ठसे होते, खोल रुतलेले.

दिपालीने पोस्टकार्ड काढलं नाही, वैजनाथ सरांना हाक मारली नाही. ती मागच्या दाराने धावत सुटली. बांध ओलांडला, पाटाच्या पाण्यात पाय गेला, चप्पल तिथेच राहिली.

फडात कोयत्याचा आवाज नव्हता.

टोळी उभी होती. बाया, बापे, मुकादम, सगळे एका ओळीत. ओळीच्या पलीकडे, मोकळ्या रानात, राहीबाई उभी होती. मोळी तिच्या खांद्याच्या वर, चुंबळीला टेकायला वीतभर कमी. दंड ताठ. मान एका बाजूला कललेली.

"अहो, बघताय काय? उचलू लागा की!" दिपाली ओरडली.

कुणी हललं नाही. लंकाबाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती कुजबुजली. "हात लावायचा न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"तुमीच की."

दिपालीला पुढे जायचं होतं. पाय उचलत नव्हते. समोर आई तिच्याकडे बघत होती, फडात बाई बघते तसं. हाक नव्हती त्यात, तक्रार नव्हती. तू आलीस, आता झालं, एवढंच होतं. दिपाली किती वेळ तशीच उभी राहिली, तिला कळलं नाही.

मग काहीतरी तुटल्यासारखं होऊन ती पुढे झेपावली.

"आई, आले. सोड, मी धरलंय."

तिने मोळीखाली दोन्ही हात घातले आणि सगळा जोर लावून वर रेटलं.

मोळी हलली नाही. जडही लागली नाही. चित्र रंगवलेली भिंत रेटावी तसं झालं.

"आई?"

वारा सुटला. मागचा उभा ऊस सळसळला, पाचट उडालं, ओळीतल्या बायांचे पदर फडफडले. राहीबाईचा पदर जागचा हलला नाही. हनुवटीवर घामाचा एक थेंब आला होता, तो खाली पडत नव्हता.

दिपाली अगदी तिच्या तोंडासमोर गेली. आईचे डोळे उघडे होते, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. ते अजून तिथेच बघत होते, जिथे दिपाली मघाशी थांबली होती.