जास्तीचा बिल्ला

तिकीटवालीने रिकामा खण ओढून दाखवला.

"काल पर्यटकांसाठी नव्याने उघडायच्या जुन्या बोगद्यातला गाळ उपसताना पितळी बिल्ला सापडला. चिखलाने माखलेला, नंबर दिसत नव्हता. इथं ठेवला होता. सकाळी पाहते तर गायब."

वीस वर्षं खासगी तपास करणाऱ्या आत्याबाईंना एवढ्याशा चोरीसाठी आजवर कुणी बोलावलं नव्हतं. गाडी चालवायला आलेला त्यांचा भाचा तर केव्हाच कंटाळला होता. बंद पडलेल्या खाणीचं ओसाड गाव पर्यटकांसाठी रंगवून ठेवलेलं. खिडकीशेजारची पाटी वाचून तो मोठ्याने हसला.

"आत्या, हे ऐक. 'दुर्घटनेत बारा कामगार दगावले. एक बहाद्दर मात्र सुट्टी साधून बायकोला गुंगारा देऊन पसार झाला.'"

"ते माझे वडील," तिकीटवाली म्हणाली. "दिवसाला सहा फेऱ्या होतात. लोक इथंच हसतात."

भाच्याला तोंड कुठे लपवावं कळेना.

खणाच्या किल्ल्या आणखी तिघांकडे होत्या. व्यवस्थापक म्हणाला, "मी कशाला चोरू? मी तो काचेत मांडणार होतो."

पहारेकरी फणकारला. "पितळच विकायचं तर बिल्ल्यांनी भरलेला अख्खा फळा आहे की."

तिसरा म्हातारा गाइड, पूर्वीचा खाणकामगार. तिकीटवालीच्या वडिलांचा जिगरी दोस्त, तिचा मानलेला काका. त्याने खाणीतले दिवे ठेवायच्या, तिकीटखिडकीलगतच्या खोलीतला फळा दाखवला. प्रत्येक ओळीत दहा खिळे, प्रत्येकावर नंबराचा बिल्ला.

"उतरताना आपला बिल्ला घ्यायचा, वर आलं की लावायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली." बोलता बोलता त्याने न बघताच पाचव्या ओळीतला पहिला बिल्ला काढला, पुन्हा लावला. "बारा देह काढले, त्यांचे बिल्ले परत लावले, शोध थांबला."

एरवी त्याचं तोंड थांबत नव्हतं. पाटीजवळून मात्र तो खाली मान घालून निघून गेला.

आत्याबाई फळ्यापाशीच थांबल्या. "एकही खिळा रिकामा नाही. आता बिल्ल्यांची भोकं बघ."

"वरच्या बाजूला झिजून लांबट झालीत," भाचा म्हणाला. "एक्केचाळीसचं तेवढं गोल आहे."

दुपारी त्यांनी सगळ्यांना तिथंच बसवलं.

"फळा भरलेला आहे. मग गाळातला बिल्ला आला कुठून? म्हणजे फळ्यावरचा एक मागाहून घडवलेला. एक्केचाळीस कधी झिजलाच नाही, कारण तो घडवल्यानंतर खाण चाललीच नाही. पाचव्या ओळीतला पहिला म्हणजे एक्केचाळीस. तिथं हात आपसूक जातो तो त्याच्या मालकाचा." त्या गाइडकडे वळल्या. "नंबर तुमचा, पण तुम्ही तर वर होता. पाटीसमोर तुमची वाचा का बसते, ते तेव्हा कळलं. काका, तुमचा बिल्ला घेऊन खाली कोण गेलं?"

गाइडने खिशातून बिल्ला काढला. घासून लख्ख केला होता; वर एक्केचाळीस.

"हिचा बाप. मी पिऊन पडलो होतो. त्याची सुट्टी होती. माझा खाडा पडू नये म्हणून तो उतरला. त्याचा बिल्ला फळ्यावरच राहिला, म्हणून पळाला असं ठरलं. मला साहेबांनी विचारलं, तुझा खिळा रिकामा कसा? म्हटलं, बिल्ला हरवला. त्यांनी नवा करून दिला. नोकरीची भीती. संध्याकाळी खरं सांगू म्हटलं. संध्याकाळ झाली. मग दुसरा दिवस."

"शोध थांबला तेव्हा ते जिवंत होते?" तिकीटवालीने विचारलं.

"माहीत नाही, पोरी. तेच माहीत नाही."

"माझ्या लग्नात तुम्ही त्यांच्या जागी उभे होतात."

तिने त्याच्या हातून बिल्ला घेतला.

"आई मान खाली घालून जगली आणि तशीच गेली," ती म्हणाली. "आता ती पाटी तुम्ही काढा. आणि तिथं उभं राहून खरं सांगा. दिवसाला सहा वेळा."

व्यवस्थापकाने बोगद्याचं ठरलेलं उद्घाटन रद्द करून तिथं खोदाईची माणसं बोलावली. चारच्या फेरीला भाच्याने स्वतःहून तिकीट काढलं आणि तो सकाळी हसला होता तिथेच जाऊन उभा राहिला.

गाइडने एक्केचाळीसच्या खिळ्यावरचा नकली बिल्ला काढून खिशात टाकला. खिळा रिकामा ठेवला.

"हा खिळा माझा," तो लोकांना म्हणाला. "माझ्या जागी गेलेला माणूस अजून खाली आहे."

तिकीटवाली खिडकी उघडी ठेवून ऐकत होती. कुणी हसलं नाही.